बोर्डीच्या अंगणातल्या ताराबाई

मागच्या मे महिन्यात मी भोपाळला मावशीकडे पंधरा दिवस राहून आले. मावशी सिस्टर आहे, त्यामुळे घरात तिला सगळे सिस्टरमावशीच म्हणतात. तिच्या कॉन्व्हेंटपासून जवळच्या एका शाळेत लहान मुलांचं उन्हाळी शिबिर चालू होतं. नुसतं पंख्याखाली लोळत पडण्यापेक्षा तिथं मदत कर, म्हणून तिनं मला धाडलं. मुलं पाच-सहा वर्षांची. विषय होता शेत. प्रत्येकानं शेताची प्रतिकृती करून आणायची, शेवटच्या दिवशी प्रदर्शन, आणि तीन बक्षिसं. बक्षिसं काढायचं काम माझ्याकडे आलं.

बहुतेक शेतं घरूनच तयार होऊन आली. थर्माकोलचं कौलारू घर, हिरव्या मखमली कागदाचं शेत, कापसाचे ढग, प्लॅस्टिकची गाय. कोणाच्या आईनं केलंय आणि कोणाच्या बाबांनी, तेही ओळखू येत होतं. एक मुलगा मात्र जवळच्या वस्तीतला. वडील बांधकामावर मजूर, गाव रायसेनकडचं. त्यानं आणलं होतं एक घमेलं. त्यात ओली माती, मातीचे तीन वाफे एकाखाली एक उतरते केलेले, मधे बोटभर उंचीचे बांध आणि वरच्या कडेला पेनाच्या रिकाम्या रिफिलचा पाइप. ते नुसतं ठेवून तो थांबला नाही. तांब्याभर पाणी आणून वरच्या वाफ्यात ओतलं, वाफा भरल्यावर बोटानं बांध फोडून पाणी खालच्यात सोडलं, मग त्याच्या खालच्यात. पाणी घमेल्याबाहेर आलं, टेबलावर पसरलं आणि शेजारचं थर्माकोलचं घर भिजलं. त्या घराची मालकीण भोकाड पसरून रडायला लागली. मी घमेलं उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवलं. पहिलं बक्षीस मखमली कागदाला दिलं.

संध्याकाळी हे सगळं मी मावशीला हसत हसत सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, की पहिल्या बक्षिसाच्या शेतात पीक कुठलं होतं. मला सांगता येईना. हिरवं होतं, एवढंच आठवत होतं. लाज वाटली, कारण मी वसईची आहे. आजोबांची केळीची वाडी होती. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना मी लहानपणी शंभरदा पाहिलंय, आणि अख्ख्या प्रदर्शनात पाण्याचा विचार केलेलं एकच शेत होतं, तेच मी उचलून बाहेर ठेवलं होतं.

मावशीच्या कपाटात गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ होतं, हिंदीतलं. ते तिनं हातात दिलं आणि म्हणाली, हे वाचच, पण यांच्या सोबत काम केलेली एक मराठी बाई होती, ती तर तुझ्या रेल्वे लाइनवरची. वसईहून डहाणू लोकल पकडली की पुढचं घोलवड, तिथून बोर्डी. बोर्डीला मी दोनदा सहलीला गेले आहे. समुद्र, सुरूची झाडं आणि चिकू, यापलीकडे तिथलं काही मला माहीत नव्हतं. ताराबाई मोडक हे नाव शाळेत सामान्यज्ञानाच्या प्रश्नात एका ओळीत पाठ केलं होतं. म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले. ज्या काळात मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की लग्नाची घाई व्हायची, त्या काळात या घरानं तिला शिकवलं. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. संसार टिकला नाही. १९२१मध्ये त्या वेगळ्या झाल्या. एक लहान मुलगी, हातात बी.ए.ची पदवी आणि वय एकोणतीस. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईनं मूल घेऊन दुसऱ्या प्रांतात नोकरीला जाणं म्हणजे काय असेल, याचा आपण अंदाजच करायचा. त्यांच्याविषयीच्या छोट्या चरित्रांमध्ये या काळावरून सहसा एका वाक्यात पुढं जातात. मलाही एवढंच माहीत आहे, पण घाईनं पुढं जावंसं वाटत नाही. पुढच्या आयुष्यात त्यांनी जी जी ठरलेली चौकट सोडली, त्यातली पहिली ही होती.

त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पगार, मान, बंगला असं सगळं असणारी जागा. तिथं असताना त्यांना भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराची माहिती मिळाली. गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवायचं याचा शोध घेता घेता ते माँटेसरीच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि वकिली सोडून १९२०मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात रुजू झाल्या. मोठ्या मुलींच्या कॉलेजातून अडीच-तीन वर्षांच्या मुलांकडे. आपल्या करिअरच्या भाषेत ही बढती नक्कीच नव्हे.

भावनगरची आठ-नऊ वर्षं त्यांच्या तयारीची. मुलांना मारायचं नाही, धमकवायचं नाही, बक्षिसाची लालूचही दाखवायची नाही (इथं मी जरा थबकले), त्यांच्या हाताला काम द्यायचं आणि मग ते काम नीट बघत बसायचं. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, पुढे मराठीत ताराबाईंनी चालवली. मराठी घरातली ही बाई गुजराती शिकली आणि गुजरातीतून लिहू लागली. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे फार मोठं वाटणार नाही कदाचित, पण त्या ज्या भागात पुढं गेल्या तिथं मराठी आणि गुजराती एकाच अंगणात बोलल्या जातात. ती तयारी भावनगरलाच झाली होती.

मग मुंबई. १९३६मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं, बालशिक्षिकांचं प्रशिक्षणही. शाळा नावारूपाला आली. मध्यमवर्गीय, सुशिक्षित घरांतली मुलं येत होती. इथपर्यंतचं आयुष्य कुठल्याही चांगल्या शिक्षणतज्ज्ञाच्या आयुष्यासारखं आहे, आणि इथंच थांबलं असतं तरी दादरमध्ये एखाद्या चौकाला त्यांचं नाव मिळालं असतं.

पण एक गोष्ट टोचत राहण्यासारखी होती. मारिया माँटेसरीनं पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो भागात काढलं, ते गरीब कामगारांच्या मुलांसाठी. दिवसभर आईबाप कामावर, मुलं जिन्यांवर मोकाट, भिंती खरवडतात, म्हणून. तीच पद्धत जगभर फिरत फिरत आपल्याकडे येईपर्यंत श्रीमंतांची झाली होती. तिची साधनं म्हणजे गुलाबी मनोरा, कमीजास्त जाडीचे लाकडी दट्टे आणि त्यांच्या पेट्या, खरखरीत कागदाची अक्षरं. सगळं मोजूनमापून, रंधा मारून बनवलेलं. दादरच्या पालकांना ते परवडत होतं. खेड्यातल्या शाळेला त्यातली एक पेटीही विकत घेणं शक्य नव्हतं.

आपल्या वाचकांसाठी इथं एक आडवाट घेते. माँटेसरी कॅथलिक होती आणि बार्सिलोनाच्या शाळेत तिच्या पद्धतीनं धर्मशिक्षणाचा एक प्रयोग झाला. मुलांसाठी जमिनीचा तुकडा राखला, त्यात त्यांनी गहू पेरला आणि द्राक्षवेल लावले. मिस्सातली भाकर आणि द्राक्षारस येतो कुठून, हे त्यांना मातीतून कळावं म्हणून. मी दहा वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेले, कोम्युनियनचा धडा पाठ केला, पण होस्ती गव्हाची असते हे मला बरंच उशिरा लक्षात आलं. तर शेत हा माँटेसरीला परका विषय नव्हता. पण बार्सिलोनाच्या मुलांना शेत दाखवावं लागलं. बोर्डीला गोष्ट उलटी होती.

१९४५मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी दादरची बसलेली घडी सोडली आणि बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, अशी वाट काढत आलेली पस्तिशीची बाई. चौकट मोडून बाहेर पडलेल्या दोघी जणी एका खेड्यात, अशा मुलांसाठी ज्यांना शाळा नावाच्या वस्तूची भीती वाटत होती.

ते साल लक्षात ठेवायला हवं. १९४५मध्येच उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारल्यांचा उठाव झाला. वारली भात पिकवत होते, पण जमीन सावकाराची आणि जमीनदाराची. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको वर्षानुवर्षं राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. वेठ तर होतीच. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याबद्दल ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं आहे, अभ्यासक्रमात असो वा नसो, वाचाच. एकाच वर्षी, एकाच मुलखात दोन प्रकारच्या बायका काम करत होत्या. एक वेठ नाकारायला शिकवत होती, दुसऱ्या दोघी मुलांची नखं कापत होत्या. लिहिताना मला हे थोडं अस्वस्थ करतं. बालवाडीनं कोणाच्या नावावर सातबारा होत नाही. पण नखं न कापलेल्या, खरजेनं हैराण मुलाला जमिनीचा हक्क मिळेपर्यंत थांब म्हणणंही मला जमलं नसतं. ताराबाईंनी त्यांना करता येण्यासारखं काम उचललं, आणि मी त्याच कामाबद्दल लिहिते आहे.

बोर्डीला बालवाडी निघाली, आणि ज्यांच्यासाठी ती काढली ती मुलं येईनात. कारणं साधी होती. आईबाप पहाटे कामावर जात. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंडं. भाऊ गुरांमागे. घंटा वाजवून अकरा वाजता शाळा भरवणारी व्यवस्था ही रिकाम्या मुलांसाठी असते, आणि इथं पाच वर्षांचं मूलही रिकामं नव्हतं. त्यात पुस्तकातली मराठी त्यांना परभाषेसारखी, आणि नीटनेटके कपडे घातलेल्या माणसाचं वस्तीत येणं म्हणजे काहीतरी वसुली.

ताराबाईंनी काढलेला उपाय आज ऐकायला फार सोपा वाटतो. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं मुलाकडे जायचं. वस्तीतलंच एक अंगण झाडून घ्यायचं, मुलांना आंघोळ घालायची आणि तिथंच बसायचं. वेळ मुलांच्या सोयीची. केंद्रातली बालवाडी एका बाजूला नियमित चालू राहिली आणि दुसऱ्या बाजूला ही अंगणातली. तिला नाव पडलं अंगणवाडी.

आता साधनांचा प्रश्न. अंगणात गुलाबी मनोरा नव्हता. शिंपले होते, समुद्र जवळच होता. बिया होत्या, चिंचोके, गारगोट्या, पानं, फुलं, बांबूचे तुकडे, माती. माँटेसरीची पेटी मुलाला शिकवते काय, तर जाड-बारीक, लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, चढता क्रम, मोजणी. यासाठी रंधा मारलेलं लाकूडच हवं असं कुठं आहे? चढत्या क्रमानं शिंपले लावता येतात. दहा चिंचोक्यांचा एक ढीग करता येतो. सागाचं पान आणि आंब्याचं पान डोळे मिटून हातानं ओळखता येतं. ताराबाईंनी पद्धतीचा गाभा ठेवला आणि पेटी सोडून दिली. त्यांचं सगळ्यात मोठं काम कुठलं असं मला विचारलं तर मी हे सांगेन. त्या काळी पद्धत आणि पेटी या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नव्हतं. आजही येत नाही, नाहीतर शहरात प्रत्येक गल्लीत माँटेसरी नावाच्या पाट्या आणि आत प्लॅस्टिकची घसरगुंडी दिसली नसती.

इथं शेताचा मुद्दा येतो. वारल्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला शेत शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं? राब कसा भाजतात हे त्यानं पाहिलेलं असतं. चिखलात उभं राहून रोपं कशी हातात धरायची, नागली कुठल्या उतारावर येते, बांध कुठं फुटतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत. त्याच्यापुढे हिरव्या कागदाचं शेत ठेवणं म्हणजे कोळ्याच्या पोराला मासा काढून दाखवण्यासारखं. त्याला शेताची प्रतिकृती नको असते. त्याच्याजवळ जे आहे त्यालाच ज्ञान म्हणतात, हे कोणीतरी मान्य करायला हवं असतं. मूल मातीचा बैल करतं तेव्हा शिंगं किती बाहेर काढायची हे त्याला ठाऊक असतं. बाईनं फक्त त्यातून आकडे, शब्द, आकार बाहेर काढायचे. शहरातल्या मुलाचं उलटं. त्याला आधी मातीत हात घालू द्यावे लागतात. भोपाळच्या त्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं एकाच टेबलाशी होती, आणि मी दोघांनाही पुठ्ठाच दिला होता.

पुढे १९५७च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथं गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था होती, आणि आजूबाजूला वारल्यांचे पाडे. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या. कोसबाडला विकासवाडी उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. यामागचा हिशेब मला फार आवडतो. सात वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण कडेवर भाऊ आहे. मग भावाला पाळणाघरात ठेवा, मधल्याला बालवाडीत बसवा, म्हणजे ती आपोआप मोकळी होते. मुलींच्या शिक्षणावर भाषण न देता मुलगी शाळेत आणायची ही युक्ती.

गुराख्यांचा प्रश्न मात्र आवार बांधून सुटणारा नव्हता. गुरं विकासवाडीत आणता येत नाहीत. म्हणून निघाली कुरणशाळा. शिक्षक गुरांमागे, कुरणात. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली, आणि भोवती जे दिसेल तो धडा. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की धडा थांबणार, पोरगं पळणार, गाय वळवून परत येणार. उपस्थितीचा रजिस्टर ठेवणाऱ्याचं डोकं फिरेल अशी ही शाळा, पण मुलाला त्याच्या कामातून न उपटता शिकवण्याचा याहून प्रामाणिक प्रयोग मला तरी माहीत नाही. मुलानं गुरं राखावीतच का, असा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो विचारलाच पाहिजे. तेव्हा कुरणात न जाणं याचा अर्थ त्या मुलाला काहीच न शिकवणं, एवढाच होता.

१९६२मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. त्या शेवटपर्यंत या कामातच होत्या. ३१ ऑगस्ट १९७३ला त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाड पुढं चालवलं, त्यांना १९८४मध्ये पद्मश्री मिळाली, आणि १९९२पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्यांनी ते सोडलं नाही.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. सुरुवात तेहतीस प्रकल्पांनी झाली, आज देशात लाखो केंद्रं आहेत. त्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. मावशीच्या कॉन्व्हेंटमागच्या गल्लीतही एक आहे, निळ्या पाटीवर हिंदीत आंगनवाड़ी लिहिलेलं. मी रोज तिच्यावरून शिबिराला जात होते. आत वजनकाटा, खिचडीचं पातेलं, भिंतीवर फळांची चित्रं. हा शब्द बोर्डीच्या अंगणातून तिथवर आलाय हे मला शेवटच्या दोन दिवसांत कळलं. त्या गल्लीतल्या घरांना अंगण नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रदर्शनाची एक गोष्ट सुरुवातीला सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत तो मुलगा फाटकाशी येऊन उभा होता. मला वाटलं, बक्षिसाचं विचारायला आला असेल. त्याला घमेलं हवं होतं. ते वडिलांचं होतं, आणि त्यांना कामावर निघायचं होतं. मी व्हरांड्यातून आणून दिलं. रात्रभरात माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या, खालचा वाफा तेवढा अजून ओला होता. त्यानं तिन्ही वाफे कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतले, घमेलं दोनदा आपटून झटकलं, रिफिलचा पाइप खिशात घातला आणि घमेलं डोक्यावर पालथं घालून तो वस्तीकडे पळाला.